तेल, द्राक्षारस, हळद आणि मध : जखमेवरील नैसर्गिक औषधांची पारख

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेला वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो आणि अर्धमेला होऊन रस्त्याच्या कडेला पडतो. याजक व लेवी त्याला पाहून बाजूने निघून जातात. परका मानला गेलेला शोमरोनी मात्र थांबतो. प्रवचनात भर असतो तो त्याच्या करुणेवर आणि ते योग्यच आहे. परंतु या दाखल्यातील एक लहानसा तपशील आपल्या कानांवरून तसाच निघून जातो. शोमरोनी त्या माणसाच्या जखमा बांधतो आणि त्यांवर तेल व द्राक्षारस ओततो.

तेल आणि द्राक्षारसच का, हे प्रभू येशूला आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागले नाही. जखमेवर काय घालावे हे त्या काळी घरोघर ठाऊक होते. जुन्या करारातही हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधण्यास यशया संदेष्टा सांगतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या एका पपायरसमध्ये जखमेवर मध, चरबी व तागाचे धागे बांधण्याची कृती आढळते. आपल्याकडे सुश्रुताने मध आणि तूप सांगितले आहे. आणि आमच्या पिढीतील प्रत्येकाच्या आठवणीत गुडघा फुटल्यावर चिमूटभर हळद दाबून धरणारी आजी आहेच.

या सर्व उपायांचे पुढे काय झाले? ते खरोखर जखमेतील जंतू मारतात काय? असा प्रश्न विचारला की आपल्या समाजात दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, हे सारे अडाणीपणाचे अवशेष आहेत. दुसरा गट म्हणतो, हजारो वर्षांचा अनुभव आहे, आणखी पुरावा कशाला हवा? आम्हांस दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. या उपायांची पारख प्रयोगशाळेत व रुग्णालयात कशी होते, त्यांतील कोणते टिकतात आणि कोणते गळून पडतात, याची माहिती आमच्या वाचकांना व्हावी, या हेतूने हा लेख.

प्रश्न केवळ कुतूहलाचा उरलेला नाही. अँटिबायोटिक औषधांना न जुमानणारे जंतू जगभर वाढत आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अशा जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली. शस्त्रक्रियेची जखम, भाजल्याची जखम, मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम ही अशा जंतूंची आवडती घरे. जुनी हत्यारे बोथट होऊ लागल्यामुळे शास्त्रज्ञ पुन्हा एकदा झाडपाला, मध आणि जुन्या पोथ्या यांच्याकडे वळले आहेत.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. अँटिबायोटिके आणि ‘नैसर्गिक’ औषधे ही दोन वेगळी कुळे आहेत असे आपण धरून चालतो. पण पेनिसिलीन हा मुळात बुरशीचा रसच होता. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनमध्ये एका बशीत बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले पाहिले. परंतु ते औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यास तेरा वर्षे लागली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते प्रथम देण्यात आले. त्याच्या चेहऱ्यावरील जखम चिघळून विष सर्वांगात पसरले होते. औषध सुरू होताच तो सुधारू लागला. पण साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचण्यात आले. तरीही औषध संपले आणि मार्च महिन्यात तो मरण पावला. बशीत दिसलेला गुण आणि माणसाच्या देहात उपयोगी पडणारे औषध यांमध्ये केवढी वाट आहे, हे या एका प्रसंगावरून ध्यानात यावे.

हळदीचा खटला आणि हळदीचा गुण

हळदीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ या विषयावर पेटंट मिळाले. भारतात संतापाची लाट उसळली. मूळचे गोव्यातील माशेलचे आणि मुंबईत वाढलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील जुने ग्रंथ व लेख पुराव्यादाखल सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय अभिमानास्पद होता, यात शंका नाही.

परंतु त्या लढ्यात नेमके काय सिद्ध झाले? हळदीचा हा वापर नवा नाही, भारतीयांना तो पूर्वापार माहीत आहे, एवढेच. हळदीने जखमेतील जंतू मरतात की नाही, हा मुद्दा त्या खटल्याचा नव्हताच. एखादी गोष्ट जुनी असल्याचा पुरावा आणि ती गुणकारी असल्याचा पुरावा हे दोन वेगळे पुरावे आहेत. तरीही ‘हळदीचा गुण अमेरिकेनेही मान्य केला’ असे वाक्य आम्ही आजवर कितीतरी व्यासपीठांवरून ऐकले आहे!

गुण कसा पाहतात? सर्वांत सोपी पद्धत महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. वनस्पती सावलीत वाळवून तिची पूड करतात. ही पूड पाण्यात, अल्कोहोलमध्ये किंवा अन्य द्रावकात भिजत ठेवतात, मग गाळून द्रावक उडवून लावतात. उरतो तो अर्क. दुसरीकडे काचेच्या उथळ बशीत आगर नावाचा, समुद्रशेवाळापासून मिळणारा पदार्थ पोषक द्रव्यांसह घट्ट होऊ देतात. त्याच्या पृष्ठभागावर जखमेत आढळणारा जंतू, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, सारखा पसरतात. मध्ये लहानसे भोक पाडून त्यात अर्काचे थेंब सोडतात आणि बशी रात्रभर ३७ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे आपल्या शरीराच्या उबेत ठेवतात. सकाळी बशीभर जंतूंची दुधी साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचे.

हे वर्तुळ दिसायला मोहक असते. वृत्तपत्रांत ‘अमुक झाडाच्या पानांत जंतुनाशक गुण’ अशा बातम्या येतात, त्यांच्या मुळाशी पुष्कळदा असे एखादे वर्तुळच असते. पण ते फसवेही असते. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल आणि अल्कोहोल पूर्ण उडालेले नसेल तर जंतू पानाने मेले की अल्कोहोलने? म्हणून शेजारच्या भोकात नुसता द्रावक घालावा लागतो. ज्याने तो घातला नाही, त्याचा प्रयोग आम्ही बाजूला ठेवू. उलटपक्षी तेलकट किंवा जड द्रव्ये आगरमध्ये पसरतच नाहीत. त्यांचे वर्तुळ लहान दिसते आणि चांगला अर्क विनाकारण नापास होतो. म्हणूनच केवळ वर्तुळाच्या आकारावरून दोन अर्कांची तुलना करता येत नाही.

यापुढील पायरी म्हणजे अर्क निम्मा, पाव, अष्टमांश असा पातळ करीत जाणे आणि किती पातळ झाल्यावर जंतू पुन्हा वाढू लागतात ते पाहणे. येथे बहुतेक वनस्पतींची फजिती होते. चांगले अँटिबायोटिक एका मिलिलिटरमध्ये एक-दोन मायक्रोग्रॅम असले तरी संवेदनशील जंतूंची वाढ थांबवते. कच्च्या अर्कांना पुष्कळदा त्याच्या हजार पट, म्हणजे कित्येक मिलिग्रॅम लागतात. इतक्या घट्ट प्रमाणात लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा मिठाचे पाणीसुद्धा जंतूंना जड जाते. शिवाय वाढ थांबणे आणि जंतू मरणे यांतही फरक आहे. अर्क धुऊन टाकल्यावर झोपलेले जंतू पुन्हा उठतात काय, हेही तपासावे लागते.

आणि समजा जंतू मेले. आपल्या त्वचेच्या पेशींचे काय? फिनाइल ओतले तरी जंतू मरतील. म्हणून ते कोणी जखमेवर ओतत नाही. अर्काची चाचणी मानवी त्वचेच्या पेशींवरही करावी लागते. लसणाचे उदाहरण घ्या. तो ठेचला की त्यात अ‍ॅलिसिन हे तिखट द्रव्य तयार होते आणि ते जंतूंना खरोखरच मारक आहे. परंतु ठेचलेला लसूण कातडीवर तासन् तास बांधून ठेवल्याने फोड येऊन कातडी भाजल्यासारखी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

शेवटची अडचण सर्वांत मोठी. बशी म्हणजे जखम नव्हे. जखमेत रक्तद्रव असतो, पू असतो, मृत मांस असते. अर्कातील द्रव्ये तेथील प्रथिनांना चिकटून निकामी होतात. शिवाय जुन्या जखमेत जंतू सुटे राहत नाहीत. ते चिकट बुळबुळीत थर विणून त्याच्या आत वस्ती करतात. तळ्यातील दगडावर शेवाळ धरते तसा हा प्रकार. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. या थरातील जंतूंना मारण्यासाठी सुट्या जंतूंच्या शेकडो पट औषध लागू शकते. स्यूडोमोनास हा जंतू यात विशेष तरबेज. त्याच्या पेशीला बाहेरून एक जादा पापुद्रा असल्यामुळे बहुतेक वनस्पतिजन्य द्रव्ये आत शिरतच नाहीत.

आता या कसोट्यांवर आपली हळद. तिच्या पिवळ्या रंगाचे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत ते साधारण ३ टक्के असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, शरीरासारख्या वातावरणात काही मिनिटांतच विघटित होऊ लागते आणि स्वतःच रंगीत व चमकणारे असल्यामुळे प्रकाशावर आधारलेल्या अनेक चाचण्यांत खोटेच चांगले निकाल दाखवते. अमेरिकेतील काही औषधरसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये कर्क्युमिनविषयीच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. निरनिराळ्या रोगांवर त्याच्या १२० हून अधिक मानवी चाचण्या झाल्या होत्या. पण रुग्ण व डॉक्टर या दोघांनाही औषध कोणते ते कळू न देता, निष्क्रिय द्रव्याशी तुलना करून घेतलेली एकही चाचणी यशस्वी झाली नव्हती. सूज कमी करण्याचा काही गुण हळदीत असेलही. त्याचा शोध चालू राहील. परंतु स्वयंपाकघरातील हळदीच्या डब्यात जमिनीतून आलेले जंतूंचे बीजाणूही असतात, आणि उघड्या जखमेवर ती दाबणे म्हणजे त्यांना आमंत्रण देणे होय. बाजारातील हळदीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळले जाते, हे बांगलादेशातील २०१९ च्या अभ्यासाने उघड केले, ते वेगळेच. आजीच्या प्रेमाविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही.

सोलापूरचा मध

मधाची कहाणी निराळी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम मध जंतूंना का मारतो ते पाहू. मधात साधारण ८० टक्के साखर आणि २० टक्क्यांहून कमी पाणी असते. इतक्या घट्ट द्रवात जंतूंच्या शरीरातील पाणीच बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या मिठात किंवा मुरांब्याच्या पाकात जंतू टिकत नाहीत तसेच. दुसरे म्हणजे मध आम्लधर्मी असतो. तिसरे कारण सर्वांत सुंदर. मधमाशी फुलांचा रस मधात बदलताना आपल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर त्यात मिसळते. घट्ट मधात ते निजून असते. जखमेतील ओलाव्याने मध किंचित पातळ झाला की ते जागे होते आणि साखरेपासून थोडेथोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. आपल्या परिचयाचे फेसाळणारे जंतुनाशक तेच. फक्त बाटलीतून एकदम ओतल्यासारखे नव्हे, तर हळूहळू झिरपणारे. मध उकळला किंवा फार तापवला की हे विकर नष्ट होते आणि मग त्यात गोडवा तेवढा उरतो.

न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मोलन यांनी १९८० च्या दशकात तेथील मानुका झुडपाच्या मधावर काम सुरू केले. त्यांनी मधातील पेरॉक्साइड मुद्दाम निकामी करून पाहिले, तरीही मानुका मध जंतू मारीतच राहिला! ते कोडे उलगडण्यास वीस वर्षे लागली. २००८ च्या सुमारास जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी दाखवून दिले की त्या मधात मिथाइलग्लायॉक्सल हे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात असते. एका मधाचा गुण दुसऱ्या मधात असेलच असे नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध. फूल बदलले की मध बदलतो.

आता सोलापूर. तेथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर एक चाचणी केली आणि तिचा अहवाल १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५२ रुग्णांच्या जखमांवर मध लावण्यात आला आणि ५२ जणांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन हे त्या काळचे सर्वमान्य मलम. ज्या जखमांत सुरुवातीला जंतू आढळले होते, त्यांपैकी मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. पंधरा दिवसांत मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा भरून आल्या, मलमाच्या गटातील १० टक्के. जिल्ह्याच्या ठिकाणी, परदेशी प्रयोगशाळेच्या पाठबळाविना झालेले हे काम आज जगभरच्या ग्रंथांत उल्लेखिले जाते.

हे आकडे वाचून आमचाही ऊर भरून आला. परंतु ज्या काटेकोरपणाने आपण हळदीला तपासले, तोच मधालाही लावला पाहिजे. एका गटाला चिकट, गोड वासाचा मध आणि दुसऱ्याला पांढरे मलम, तेव्हा कोणाला काय लावले हे डॉक्टरांना दिसणारच. नकळत होणारा पक्षपात अशा चाचणीत पूर्णपणे टाळता येत नाही. दुसरे असे की, तुलनेसाठी घेतलेले सिल्व्हर सल्फाडायझिन जखम भरण्याचा वेग काहीसा मंदावते, हे पुढील काळात दिसून आले. धावण्याच्या शर्यतीत लंगडणारा प्रतिस्पर्धी मिळावा तसे हे झाले. तिसरे, मध व भाजलेल्या जखमा यांवरील सुरुवातीचे पुष्कळसे पुरावे या एकाच केंद्रातून आले होते. दुसऱ्यांनी, दुसरीकडे तेच करून पाहणे आवश्यक होते.

तसे करून पाहण्यात आलेही. वैद्यकीय पुराव्यांची निष्पक्ष छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये जखमांवरील मधाच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत एकूण ३०११ रुग्ण होते. निष्कर्ष असा : उथळ ते मध्यम भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार ते पाच दिवस लवकर भरतात. शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांतही जंतुनाशक व साध्या जाळीच्या पट्टीपेक्षा मध सरस ठरतो. पण इतर बहुतेक जखमांबाबत खात्रीने काही सांगता येत नाही. मधुमेहींच्या पायाच्या जखमा या ‘खात्री नाही’ गटातच आहेत, हे आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. पायावरील फुगलेल्या शिरांमुळे होणाऱ्या जुनाट व्रणांबाबत तर न्यूझीलंडमध्येच, मानुकाच्या माहेरी, ३६८ रुग्णांवर चाचणी झाली. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. बारा आठवड्यांत मधाच्या पट्टीने ५५.६ टक्के आणि नेहमीच्या पट्टीने ४९.७ टक्के व्रण भरले. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका अल्प आहे, आणि मधाच्या गटातील रुग्णांना वेदना अधिक झाल्या. स्वतःच्या देशाच्या मधाविरुद्ध जाणारा निकाल तेथील संशोधकांनी जसाच्या तसा छापला, याचे आम्हांस कौतुक वाटते.

येथे एक सूचना तातडीने द्यावीशी वाटते. या चाचण्या वाचून कोणी फडताळातील मधाची बाटली जखमेवर उपडी करू नये. रुग्णालयात वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते मधातही सुप्तावस्थेत जिवंत राहतात. (वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात ते याच कारणासाठी. बारशाच्या घाईत हे विसरले जाते.) त्याखेरीज बाजारातील मध हा मधच असेल याची शाश्वती कोठे आहे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तपासलेल्या नामांकित कंपन्यांच्या मधांपैकी बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे जाहीर केले होते.

मठातील पोथी

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दहाव्या शतकातील एक हस्तलिखित आहे. ‘बाल्डची वैद्यकपोथी’ या नावाने ते ओळखले जाते. जुन्या इंग्रजीत लिहिलेल्या या पोथीत डोळ्यावरील रांजणवाडीसाठी एक कृती आहे. लसूण आणि त्याच्याच कुळातील कांद्यासारखा एक कंद समभाग कुटावा, द्राक्षारस व बैलाचे पित्त घालावे, पितळी भांड्यात नऊ रात्री ठेवावे, मग फडक्यातून गाळून पिसाने डोळ्याला लावावे. वाचून हसूच यावे अशी ही कृती!

नॉटिंगहॅम विद्यापीठातील जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी ती शब्दशः करून पाहिली. २०१५ मध्ये त्यांनी निकाल जाहीर केला. नऊ दिवसांनंतर तयार झालेल्या या द्रवाने कृत्रिम जखमेतील स्टॅफिलोकॉकसची दाट वस्ती जवळजवळ संपवली. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या एमआरएसए या त्याच्या भावंडावरही तो उंदरांच्या जखमेतील मांसात प्रभावी ठरला. याहून विशेष म्हणजे एकेक घटक सुटा घेतल्यास तो परिणाम येईना. पुढे २०२० मध्ये याच प्रयत्नांतून असे दिसले की, सुट्या जंतूंना मारण्यास लसूण पुरेसा आहे, परंतु चिकट थरातील जंतूंना मारण्यास सर्व घटक एकत्र लागतात. औषधशास्त्राची आजवरची रीत अर्कातून एकच द्रव्य वेगळे काढण्याची. या पोथीने तिला एक अवघड प्रश्न विचारला आहे. मात्र हेही सांगितले पाहिजे की त्याच पोथीत निरुपयोगी उपायही पुष्कळ आहेत, आणि रुग्णांच्या जखमांवर हे औषध उपयोगी पडते असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

झाडपाल्याचा प्रत्येक उपयोग जंतू मारण्याचाच असतो असेही नाही. मुंबईतील शल्यविशारदांनी भाजलेल्या जखमांवर १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या आणि २००३ मध्ये निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांच्या पट्ट्या वापरल्या व त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. केळीचे पान जंतू मारीत नाही. ते गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही आणि ओलावा धरून ठेवते. पट्टी सोडताना भाजलेला माणूस किंचाळत नाही. आपल्या वाडीतील केळीच्या पानाचे एवढे मोल, तेही निर्जंतुक केल्यानंतर! शोमरोन्याच्या तेलाचेही काम बहुधा असेच असावे. द्राक्षारसाने जखम धुतली जाई, त्यातील आम्ल व तुरट द्रव्ये काही जंतूंना आवर घालत आणि तेलाने कापड चिकटत नसे. द्राक्षारसातील दहा-बारा टक्के अल्कोहोल जंतू मारण्यास पुरत नाही. त्यासाठी साठ-सत्तर टक्के लागते.

आपल्या घरात

आपल्या धर्मग्रामांत मधुमेहाचे रुग्ण नसलेली घरे आता शोधावी लागतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना हा रोग आहे. मधुमेहात पायाची संवेदना जाते. आमच्या परिचयातील एका वयस्क गृहस्थांच्या टाचेला भेग पडली होती. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी तीन आठवडे रोज हळद व खोबरेल भरले. रुग्णालयात पट्टी सोडली तेव्हा सर्वत्र पिवळा थर होता. खालचे मांस लाल आहे, पिवळट की काळे, हे डॉक्टरांना धुतल्याखेरीज कळेना. धुतल्यावर जे दिसले त्यात दोन बोटे गमवावी लागली. हळदीने बोटे गेली असे आम्ही म्हणणार नाही. तीन आठवडे गेले म्हणून गेली.

किरकोळ खरचटले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने भरपूर धुवावे आणि स्वच्छ कापडाने झाकावे. बहुतेक जखमांना एवढे पुरते. भाजल्यास वीस मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. जखम खोल असेल, मातीने वा गंजलेल्या लोखंडाने झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी त्याच दिवशी विचारावे. नवजात बाळाच्या नाळेवर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काहीही लावू नये. जखमेभोवती लाली पसरत असेल, दुर्गंधी वा ताप असेल, किंवा मधुमेही माणसाच्या पायावर कोणतीही जखम असेल, मग ती दुखो वा न दुखो, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. मधुमेहींनी रोज रात्री तळवे व बोटांच्या फटी पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्याव्यात.

आणि डॉक्टर विचारतील, “यावर काय लावले होते?” त्या वेळी रागावतील या भीतीने पुष्कळजण ‘काही नाही’ असे सांगतात. हळद, मध, लसूण, चुना, तंबाखू, जे काही लावले असेल ते, आणि किती दिवस लावले, ते सरळ सांगून टाकावे. जखमेचा रंग आणि स्रावाच्या तपासणीचा अहवाल यांचा अर्थ लावताना डॉक्टरांना त्याची गरज असते.